मी पुढे होते

मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. हा विनोद ओळखीच्या प्रत्येक माणसानं एकदा तरी केलेला आहे, म्हणून हल्ली मीच आधी करून टाकतो. सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरताना त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही, ते वेगळं.

सायकली दोन आहेत. जाड टायरच्या, डोंगरवाटेच्या, दोन्ही कुणीतरी वापरून विकलेल्या. सहा वर्षांपूर्वी बायको आजारपणात गेली, तेव्हा मुलगी सोळाची होती. बाकीचे वार कसेबसे निघायचे, रविवार अंगावर यायचा. दोन खोल्यांच्या घरात आम्ही एकमेकांना चुकवत फिरायचो. मी नळाचे वायसर बदलले, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, मिक्सर दोनदा खोलून दोनदा बंद केला. दुरुस्त करायला काही उरलं नाही तेव्हा सायकली आणल्या. तलावामागच्या टेकडीवर जायचं. बोलायची सक्ती नाही, कारण दम लागलेला असतो.

त्या वाटेवर अर्ध्यात एक खोड आडवं पडलं आहे. वीतभर जाड, त्याहून जास्त नाही. मुलगी महिन्याभरात त्यावरून सायकलसकट उडायला शिकली. याला बनी हॉप म्हणतात. सशासारखी उडी, आधी पुढचं चाक उचलायचं, पाठोपाठ मागचं, आणि सीटवर टेकायचं नाही. मी आपला उतरायचो, सायकल उचलून पलीकडे ठेवायचो. खोडानंतर लगेच चढ आहे. ज्याचा वेग शाबूत आहे तो चढून वळणापलीकडे दिसेनासा होतो. जो उतरला त्याला थेट वळणापर्यंत सायकल ढकलत न्यावी लागते. मला चार मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे, कारण ती चार मिनिटं मला सलायची.

खोड जवळ आलं की ती मागे न बघता ओरडायची, "बाबा, मी पुढे होते." आणि जायची. मी धापा टाकत वळणावर पोचायचो तेव्हा ती दगडावर बसलेली असायची, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलेलं, ताजीतवानी.

"आलात?"

"आलो. जड आहे गं सायकल."

माझी सायकल तिच्या सायकलीहून दोन किलोनं हलकी आहे. हे तिलाही माहीत होतं.

पुढे ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि मी रविवारी एकटाच जाऊ लागलो. खोडाशी उतरायचो, ढकलत वळणावर जायचो. दगडावर कोणी नसायचं. तरी मी चढ चढताना घाई करायचो, याचा मला स्वतःचाच राग यायचा.

दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला.

"बाबा, त्या नोकरीचं पक्कं झालं. तीन वर्षं तिकडेच."

"सुट्टी?"

"पहिलं वर्ष नाही. मंगळवारचं विमान आहे, पुढच्याच्या पुढच्या महिन्यात. आधीचा रविवार तुमच्याकडे. टेकडीवर जाऊया?"

"जाऊ की."

फोन ठेवला आणि पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसलो. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

तो पुन्हा बसवता बसवता मी ठरवलं की या वेळी ती "मी पुढे होते" म्हणाली की मी तिच्या मागोमाग खोडावरून उडायचं आणि वळणावर तिच्याबरोबर पोचायचं. एकदा, फक्त एकदा. तीन वर्षं मागे राहायचंच आहे, निदान त्या सकाळी तरी राहायचं नाही. वय एक्कावन्न. मुदत आठ आठवडे.

मोबाइलवर उडी शिकवणारे खूप भेटले. सगळे पंचविशीच्या आतले, सगळे म्हणत की सोपं आहे. खाली वाका, ढुंगण मागे न्या, हात ताठ, पुढचं चाक उठेल. मग ताडकन उभे राहा, हँडल पुढे ढकला, पायांनी पेडल मागच्या बाजूला खरवडल्यासारखं उचला, की मागचं चाक येईल. मी रोज सकाळी कामाला जायच्या आधी आमच्या पार्किंगमध्ये पुठ्ठ्याचं खोकं मांडायचो आणि त्याचा चेंदामेंदा करायचो. खोक्यांचा तुटवडा नव्हता. पेडलच्या खिळ्यांनी दोन्ही नडग्या सोलून निघाल्या. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक गॅलरीतून बघायचे.

"कशासाठी चाललंय हे?" त्यांनी एकदा विचारलं.

"व्यायाम," मी म्हणालो.

"खोक्याचा?"

चार आठवडे झाले. पुढचं चाक दोन बोटं उठायचं आणि धपकन बसायचं. कामावर मी जोडीदारावर उगाच खेकसायला लागलो. शेवटी सायकल घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो आणि सायकलीतच काहीतरी खोट आहे असं ठणकावून सांगितलं. दुकान एक बाई चालवतात. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी सायकल फिरवून पाहिली.

"सायकल ठणठणीत आहे. इथे समोर करून दाखवा."

मी दुकानासमोर करून दाखवलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"काका, तुम्ही काम काय करता?"

"लिफ्टचं."

"बोटं बघा तुमची."

मी पाहिलं. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकवर होती, आणि नुसती ठेवलेली नव्हती, आवळलेली होती.

"चाक उठायला लागलं की तुम्ही ब्रेक दाबताय," त्या म्हणाल्या. "दर वेळी. मग कसं उठेल?"

मला कळलं. आमच्या कामात लिफ्टच्या टपावर उभं राहून, अंधाऱ्या विहिरीसारख्या शाफ्टमधून वर जावं लागतं. तेव्हा एक बोट लाल बटणावर ठेवायचं. पायाखालचं जरा वेगळं हललं, की डोकं विचार करायच्या आत बोटानं बटण दाबलेलं पाहिजे. वस्तादानं पहिल्या दिवशी हे शिकवलं, आणि एकोणतीस वर्षांत माझ्या हाताखाली कुणाचं नखही तुटलेलं नाही. ते बोट काही सायकलीसाठी वेगळं नव्हतं.

"सवय आहे ती, जायची नाही," मी म्हणालो.

"सवय राहू दे. ब्रेक हलवू." त्यांनी पाना घेतला आणि दोन्ही ब्रेकचे दांडे ढिले करून असे वर फिरवले की माझी बोटं पोचेनात. "हे फक्त पार्किंगपुरतं. थांबायचं असेल तर पाय घासा, लहानपणी घासायचात तसे. जमलं की घेऊन या, परत खाली करून देईन. असं घेऊन टेकडीवर गेलात तर मी समाचाराला येणार नाही दवाखान्यात."

पहिले तीन दिवस मला सायकलवर बसवेना. हाताशी काही नसताना वेग घ्यायचा म्हणजे माझ्या लेखी वेडेपणा. बोटं हवेत चाचपडायची. चौथ्या दिवशी चाचपडणं थांबलं. सहाव्या आठवड्यात, एका गुरुवारी, सायकल उचलली गेली. मी उचलली असं म्हणवत नाही. हाताला वजनच लागलं नाही, क्षणभर काही ऐकू आलं नाही, आणि मागे वळून पाहिलं तर खोकं जसंच्या तसं उभं होतं.

मी गॅलरीकडे पाहिलं. मुख्याध्यापक नव्हते. पार्किंगमध्ये खांब होते आणि झाकलेल्या गाड्या होत्या. एवढी मोठी गोष्ट झाली आणि सांगायला कोणी नाही, असं मला फार दिवसांनी वाटलं, आणि चांगलंच लागलं. मुलीला सांगता येत नव्हतं, कारण तिलाच तर दाखवायचं होतं. मग मी खोक्याला उचलून नीट भिंतीशी ठेवलं आणि कामाला गेलो.

ब्रेक जागेवर आले. दोन रविवार एकट्यानं टेकडीवर जाऊन मी खोडावरून सात वेळा उडालो, त्यांतल्या पाच वेळा सुखरूप.

मुलगी शनिवारी आली. वाळली होती. रात्री जेवताना ती तिकडच्या नोकरीचं बोलली, मी तिकडच्या थंडीचं बोललो. सकाळी आम्ही सायकली खांद्यावर घेऊन उतरलो.

खोड दिसलं. ती पेडलवर उभी राहिली.

"बाबा, मी पुढे होते."

ती उडाली आणि चढाला लागली. मी वेग घ्यायला थोडा मागे सरकलो आणि मनात तीस मोजले. बोटं ब्रेकवरून काढली, वाकलो, ताठ झालो, हँडल पुढे ढकललं. मागचं चाक खोडाला पुसटसं घासलं आणि पलीकडे उतरलं. वेग शाबूत होता. सहा वर्षं मी जो चढ ढकलत चढलो तो पायाखालून भराभर मागे गेला. मी हसत होतो. वळण घेतलं तेव्हा ओठांवर वाक्य तयार होतं.

ती दगडावर बसली होती. बाटली बाजूला, झाकण लावलेली. दोन्ही हातांत तोंड धरून ती रडत होती. हुंदके देऊन, मोठ्यानं. इतकी मोकळी ती माझ्यासमोर आई गेली त्या दिवसानंतर कधीही रडली नव्हती.

टायरखाली खडी वाजली. तिनं वर पाहिलं.

"एवढ्यात?" ती म्हणाली. बाहीनं तोंड पुसलं, पण ते पुसण्यासारखं नव्हतं. "तुम्हाला चार मिनिटं लागतात बाबा."

"उडी शिकलो," मी म्हणालो. इतकं मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

मी सायकल आडवी टाकली आणि तिच्या शेजारी बसलो. विचारलं, "दर रविवारी?"

"दर रविवारी नाही." तिनं बाटलीचं झाकण फिरवलं. "बहुतेक रविवारी."

"घरी का नाही?"

"घरी मी रडले की तुम्ही काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचात." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "एकदा रात्रभर मिक्सर खोलून बसलात. मग मला मिक्सरचंच वाईट वाटायला लागलं. इथे बरं पडायचं. तुम्ही येईपर्यंत आटपायचं, तोंड धुवायचं. लांब कुठे गेले नव्हते मी. इथेच पुढे होते."

तेच शब्द. ती पुढे जाते आहे असं मी सहा वर्षं ऐकत आलो, आणि ती पुढे होती, इथे, या दगडावर, एकटी. मी चढावर घड्याळ लावून चरफडत होतो.

माझा उजवा हात तिच्या सायकलीच्या चेनकडे गेला. चेन थोडी सैल होती. मी तो हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. मला वाटतं त्या सकाळी मी केलेली अवघड गोष्ट तीच, उडी नव्हे.

"उडी दाखवा ना," ती थोड्या वेळानं म्हणाली.

"परतताना बघू."

टेकडीला वळसा घालून परतायची वाट पुन्हा त्याच खोडावरून, त्याच चढानं जाते. खोड आलं तेव्हा ती माझ्या पुढे होती. ती थांबली, एक पाय जमिनीवर टेकवून मागे वळली. डोळे पुन्हा भरत आले होते आणि ती हसायचा प्रयत्न करत होती. मंगळवारला दोन दिवस होते.

"जा तू," मी म्हणालो.

"बाबा, मी पुढे होते."

"हो."

ती उडाली, चढली, दिसेनाशी झाली. मी उतरलो. सायकल उचलून पलीकडे ठेवली आणि खोडावर बसलो. घड्याळ काढून हातात धरलं. पहिलं मिनिट गेलं तेव्हा मीही रडायला लागलो, तिच्या आईसाठी आणि तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीच जास्त. तिसऱ्या मिनिटाला आटपलं, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. मग सायकल ढकलत, सावकाश, खडी मुद्दाम वाजवत वळणावर गेलो.

ती दगडावर बसली होती. तोंड धुतलेलं होतं.

"आलात?"

"आलो," मी म्हणालो. "जड आहे गं सायकल."