टाकीतलं धरणं

डिसेंबरात विधानसभा नागपुरात आली की भीमाबाईच्या अंगात मोर्चा यायचा. मागणी कुणाचीही असो, ही पुढच्या ओळीत. रस्त्यात फतकल कशी मारायची, पोलीस उचलायला आले की अंग कसं ढिलं सोडायचं, हे तिला पाठ होतं. पण पाण्यात धरणं धरायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली.

त्या वर्षी कस्तुरचंद पार्कच्या प्रदर्शनीत मनोहरराव नावाच्या माणसानं पुरीहून समुद्रातलं कासव आणलं होतं. एक तंबू, त्यात पत्र्याची टाकी, मीठ घातलेलं नळाचं पाणी, भोवती दोर. आता देवळात शिरताना दगडी कासवाला हात लावणारी माणसं आपण; इथं तर जिवंत कासव! बायका ताटं घेऊनच येऊ लागल्या. पाणी कुंकवानं लाल झालं.

शेजारच्या गोपिकेसोबत भीमाबाई नुसती बघायला आली होती. दीक्षा घेतल्यापासून देवापुढं हात जोडणं तिनं सोडलं होतं. हात मोकळे, म्हणून नजरही मोकळी. तिला कासवाचे डोळे दिसले. सुजून मिटलेले. बिचारं श्वास घ्यायला वर यायचं, की आलीच डोक्यावर कुंकवाची मूठ.

"थांब वं गोपिका. डोळे जाऊन राहिले त्याचे."

"देवाले काय होते वं कुंकवानं?"

"तुह्या डोळ्यात टाकू का?"

गोपिकेची मूठ तशीच राहिली. पण मागून दुसऱ्या मुठी आल्या. भीमाबाईनं कासोटा घट्ट केला, दोर ओलांडला आणि टाकीत उतरून कासवाच्या डोक्यावर पदर धरून बसली.

"ओ बाई! बाहेर या!" मनोहरराव धावले.

"ह्याले समुद्रात नेऊन सोडता का? तर येतो."

पोलिसाला बोलवायला निघालेले मनोहरराव वाटेतच थांबले, कारण धोंडबा नावाच्या एका म्हाताऱ्यानं भीमाबाईच्याच कपाळाला कुंकू लावलं होतं.

"बाबा, मी बौद्ध आहो!"

"राहू दे माय. कासवापाशी बसली ना."

झालं. रांग दुप्पट झाली. मनोहरराव हात चोळत म्हणाले, "बाई, उद्याही या. चहा आमच्याकडून."

समोरच्याला आवडलेलं धरणं भीमाबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. पाणी थंडगार, दात वाजायला लागलेले. तिनं ठरवलं, यांच्याच भाषेत बोलावं.

"देव म्हणता ना गा ह्याले? मग देवाले टाकीत कोंडते का कोणी? गणपतीचंही विसर्जन करता. ह्याचं काहून नाही?"

"खरं हाय!" कुणीतरी ओरडलं. "विसर्जन करा! चला फुटाळ्याले!"

दोर तुटले. चार गडी टाकीला भिडले. भीमाबाईनं टाकीचा काठ धरला.

"तलावात नाही! खाऱ्या पाण्याचं जनावर हाय, मरंल तिथं!"

"गणपती नाही जात का फुटाळ्यात?"

"गणपती मातीचा हाय, भाऊ. हे जिवंत हाय!"

ऐकतं कोण! टाकी एका बाजूनं उचलली गेली. तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. गोपिका. ताट बाहेर, ती आत, भीमाबाईच्या शेजारी.

"आता उचला," ती म्हणाली. गोपिकेचं वजन साऱ्या मोहल्ल्याला माहीत होतं. टाकी खाली आली.

गर्दी हटेना, बायका उठेनात. दुपार कलली तसे मनोहरराव नमले. टाकी गेली तर गेली, तंबू तरी राहावा. "नेतो बाबा पुरीला. माझाच ट्रक आहे."

"तुमच्या भरोशावर? गावोगावी तंबू टाकत जासाल. मी संगं येतो."

ताजं मिठाचं पाणी भरून टाकी ट्रकवर चढवली. भीमाबाई कुणाची तरी घोंगडी पांघरून शेजारी बसली.

"समुद्र पाह्यला का वं कधी?" निरोप द्यायला ट्रकवर चढलेल्या गोपिकेनं विचारलं.

"नाही."

"मग वळखशील कशी?"

"मले काय करा लागते? हे वळखंल."

गोपिकेचे हात सवयीनं जुळत होते. मग तिनं ओलं फडकं घेतलं आणि कासवाचे डोळे हलक्या हातानं पुसायला लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला, तरी ती उतरेना.