खारूताईच्या नावाखाली

मी एक जुनी लाकडी मूठ आहे. दाराची नव्हे आणि छत्रीचीही नव्हे. बिअरच्या नळावर जी उभी मूठ असते, पुढे ओढली की नळ सुटतो आणि मागे ढकलली की बंद होतो, ती मी. सध्या माझा मुक्काम एका कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. शेजारी संपलेल्या बॅटऱ्या, दोरीचा गुंडा आणि झाकण हरवलेला एक डबा आहे. मित्रांनो, बिअरचे नाव ऐकून तुमच्यातल्या लहानांनी कान टवकारू नयेत आणि मोठ्यांनी नाक मुरडू नये. ही एका बहीणभावाची गोष्ट आहे, आणि त्यांच्यामध्ये मी कशी सापडले त्याची.

माझा जन्म खुर्च्यांच्या कारखान्यात झाला. एका खुर्चीचा पाय रंधताना चिरला आणि तो जळणात जाणार होता. तिथे काम करणाऱ्या एका सुताराने तो उचलून घरी नेला. त्याची भाची बिअरचे छोटेसे दुकान काढणार होती आणि तिच्या नळाला मूठ हवी होती. मामाने मला तासले, घासले आणि माझ्या टोकावर खारीचे डोके कोरले. गाल फुगलेले, कान ताठ. खाली अक्षरे कोरली : ‘खारूताई’.

हे नाव बिअरचे होतेच, पण त्याआधी ते भाचीचे होते. लहानपणी ती फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे, हरभरे, वाटाणे असे काहीबाही साठवत असे. तिचा धाकटा भाऊ तिला खारूताई म्हणून चिडवायचा. मोठेपणी ती धान्याला मोड आणून, ते भाजून, उकळून आपल्या हातांनी बिअर बनवू लागली. तिची पहिली तांबूस रंगाची बिअर जमली तेव्हा भाऊ म्हणाला, “नाव काय ठेवायचं यात विचार कसला? खारूताई!”

दुकान सगळे मिळून एका खोलीचे. मागच्या बाजूला ताईची मोठी पातेली आणि पिंपे, पुढे काउंटर, स्टुले आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. मागचे राज्य ताईचे, पुढचे भावाचे. मला काउंटरवर बसवले त्या दिवशी पहिला ग्लास भावाने भरला. त्याचा तळवा ऊबदार होता. मी डोळे मिटून कुणाचाही हात ओळखू शकते, पण त्या हाताइतका दुसरा कुठलाच हात मला आवडला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झाले ते त्याच हाताने केले.

ताई दर आठवड्याला मला काढून कोमट पाण्याने धूत असे आणि फडक्याने तेल लावत असे. नळापासून पिंपापर्यंतची नळीही ती स्वतः धुवायची. भाऊ म्हणायचा, “अगं, आत कोण बघतंय?” ती म्हणायची, “जीभ बघते.”

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. एक तरुण ग्लास मिळाला की तो खिडकीपाशी न्यायचा, उजेडात फिरवायचा, फोटो काढायचा, परत फिरवायचा. तेवढ्यात फेस बसायचा आणि मग तोच येऊन म्हणायचा, “यात दम नाही हो.” एक बाई छोट्या ग्लासांतून सगळ्या बिअर चाखून बघत आणि शेवटी लिंबूपाणी मागत. एकाला फक्त एवढेच हवे असायचे, “सगळ्यात जास्त चढणारी कुठली?” आणि एक होते पंडित. खरे पंडित नव्हेत, भावाने ठेवलेले नाव. ते घोट घेऊन डोळे मिटत आणि बिअरमध्ये कधी जुन्या कातड्याचा, कधी भिजलेल्या लाकडाचा तर कधी आंब्याच्या कोयीचा वास असल्याचे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे सांगत. शेजारच्याला काय वाटते हे मात्र कधी विचारत नसत.

या सगळ्यांहून डोकेदुखी म्हणजे डॉक्टर. समोरच्या इमारतीत त्यांचा दातांचा दवाखाना होता. दवाखाना बंद केला की ते कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसत आणि कुरकुर सुरू होई. ग्लासला साबणाचा वास येतो. फेस जास्त आहे. आज फेस कमी आहे. एकदा भावाने थाटात फ्रीजमधला, बर्फ साचलेला ग्लास पुढे केला. डॉक्टर म्हणाले, “हा काय प्रकार? जीभ बधिर झाल्यावर चव कशी कळणार? बधिर करायचं काम माझं आहे, तुमचं नाही.”

सगळे हसले. मागून ताई आली, तिने तो ग्लास उचलला आणि साधा ठेवला. ती भावाला म्हणाली, “ते चिडतात कारण त्यांना आवडते. ज्याला आवडत नाही तो गप्प बसतो आणि दुसरीकडे जातो.” भावाने मान हलवली खरी, पण डॉक्टर दिसले की त्याची पकड आवळायची. मला ते कळायचे.

अशी बरीच वर्षे गेली. मग एका वर्तमानपत्रात आमच्या दुकानाबद्दल चार ओळी आल्या आणि गर्दी उसळली. माझे चित्रही छापले होते. खोटे कशाला बोलू, मी हुरळून गेले. लोक यायचे आणि बोटाने मला दाखवून म्हणायचे, “ती, ती खारवाली द्या.”

पण बिअरला तिचा वेळ लागतो. पिंपात ती शांत बसून तयार व्हावी लागते आणि ताई एक दिवसही आधी ती बाहेर काढू देत नसे. त्यातच ताईच्या लेकीचे बाळंतपण आले. लेक दुसऱ्या गावी राहत होती. निघण्यापूर्वी ताईने राबून जमेल तितकी पिंपे भरून ठेवली. बॅग खांद्याला लावून ती काउंटरपाशी आली आणि म्हणाली, “हे बघ, संपली तर संपली म्हणायचं. दुसऱ्या बिअर आहेत, त्या द्यायच्या. खारूताईच्या नळाला माझ्या बिअरशिवाय दुसरं काही जोडायचं नाही.”

“तुझ्या गळ्याची शपथ,” भाऊ म्हणाला. त्या वेळी त्याचा हात माझ्यावरच होता.

ताई गेली आणि तिची पिंपे बघता बघता रिकामी झाली. भावाने ‘संपली’ अशी पाटी लावली. लोक दारातून आत डोकावायचे, पाटी वाचायचे आणि तोंड वाकडे करून परत फिरायचे. ते भावाच्या जिव्हारी लागत होते. आजवर लोक ताईची बिअर प्यायला येत होते, पण स्वागत त्याचे होते, गप्पा त्याच्या होत्या. रिकाम्या स्टुलांसमोर उभे राहणे त्याला जमेना.

एका दुपारी त्याने शटर अर्धे खाली ओढले. मागच्या दाराने एक चकचकीत पिंप आत आले. मोठ्या कारखान्याचे. त्याने त्यावरचे लेबल खरवडून काढले, त्यात रंगासाठी दुसरी गडद बिअर थोडी ओतली आणि ते माझ्या नळीला जोडले. मला वाटले, चुकून जोडले असेल. संध्याकाळी त्याने मला ओढले आणि माझ्याखालून ते पाणचट, कुणाचेच नसलेले काहीतरी वाहत गेले. वर माझ्या अंगावर ‘खारूताई’ लिहिलेले होते. त्याचा तळवा घामाने ओला होता. मला ओरडावेसे वाटले, पण लाकडाला कुठले तोंड?

मला एक आशा होती. लोकांना कळेल. इतकी वर्षे पितात, एका घोटात ओळखतील.

फोटोवाल्याने फोटो काढला. लिंबूपाणीवाल्या बाईंनी प्रथमच पूर्ण ग्लास घेतला. आणि पंडितांनी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली आणि जाहीर केले, “या खेपेला अधिक मुरलीय. बाई नाहीत तर तुमचा हात बसला म्हणायचा!”

भाऊ मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या तळव्याला घाम नव्हता.

काही दिवसांनी परगावी गेलेले डॉक्टर परतले आणि आपल्या स्टुलावर बसले. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. या वेळी कुरकुर नव्हती. ते अगदी हळू म्हणाले, “ही तिची नाही.”

“काय म्हणालात?”

“ही ताईंची नाही. नळ त्यांचा आहे, नाव त्यांचं आहे, आतली बिअर त्यांची नाही.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू! मला वाटले, आता भाऊ मान खाली घालेल. पण त्याने मला घट्ट धरले आणि हसत हसत तो सगळ्यांकडे वळला. “डॉक्टर, तुम्हाला दिवसभर लोकांच्या तोंडात कीड शोधायची सवय लागलीय. इथे सगळे मजेत पितायत. पंडितजी, तुम्हीच सांगा.”

“उत्तम आहे,” पंडित म्हणाले. “काही माणसांना सुख बोचतं.”

सगळे खो खो हसले. भाऊ म्हणाला, “आवडत नसेल तर येऊ नका. समोरचा रस्ता सगळ्यांचा आहे.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला, भरलेला ग्लास तसाच ठेवला आणि ते निघून गेले. पुन्हा आले नाहीत. ताईला त्यांनी कळवलेही नाही.

ताई आली ती थेट स्थानकावरून, हातात बॅग घेऊनच. दुकान गच्च भरलेले होते. तिचा चेहरा फुलला. “मुलगी झाली!” तिने दारातूनच सांगितले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काउंटरवर कोपरे टेकून ती भावाला म्हणाली, “आजोबा झालास. दे आता एक ग्लास. प्रवासानं घसा सुकलाय.”

“ताई, बस आधी. चहा टाकतो.”

“चहा कसला? माझी मला दे.”

त्याने मला ओढले. तळवा पुन्हा घामाने चिंब झाला होता.

ताईने एक घोट घेतला. मग आणखी एक, खात्री करायला. तिचे हसू एकदम गेले नाही. ते ओठांवर तसेच राहिले आणि डोळे मात्र आधी निघून गेले.

“कधीपासून?” तिने विचारले.

“ताई, तुला माहीत नाही इथं काय चाललं होतं. लोक परत जात होते. आणि खरं सांगू? कुणाला कळलं नाही. एकालाही नाही.”

ताईने दुकानावरून नजर फिरवली. कोपऱ्यातल्या स्टुलावर कुणीतरी ओले जाकीट टाकले होते. “डॉक्टर कुठायत?”

भाऊ काउंटर पुसू लागला. उत्तर पंडितांनी दिले, “त्यांना हाकललं, बाई. फार कुरकुर करायचे.”

“म्हणजे एकाला कळलं होतं,” ताई म्हणाली.

ती काउंटरच्या आत आली. भाऊ बाजूला सरकला. तिने मला फिरवून नळावरून काढले. “हे नाव तू मला ठेवलं होतंस,” ती म्हणाली. “तुझ्याकडून विकून झालं असेल तर मी घेऊन जाते.”

वाटेत मी तिच्या बॅगेत, बाळाच्या दुपट्याशेजारी पडले होते, आणि मनातून खूश होते. आता ती नवे दुकान काढेल, मला नव्या नळावर बसवेल. पण दिवस गेले, महिने गेले. भावाने प्लॅस्टिकची खार बनवून घेतली आणि आमचे जुने दुकान, ऐका, झकास चालू राहिले. हे मला सगळ्यात जास्त लागले. डॉक्टर ताईकडे येत आणि म्हणत, “एकदा तरी पातेलं चढवा.” ती म्हणे, “बघू.” पातेले चढले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचा आकडा तुटला होता. ती मिटू नये म्हणून ताईने फटीत मला उभे केले. माझे तोंड बाहेरच्या भिंतीकडे होते. तेल लावणे थांबले. उन्हाने माझे कान तडकले.

मग एका उन्हाच्या दुपारी भाऊ आला. वाळला होता. गर्दी आता दुसऱ्या कुठल्यातरी नव्या दुकानाकडे वळली होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला. ताईने काही विचारले नाही. फ्रीज उघडला, दोन ग्लास भरले, एक त्याच्यापुढे ठेवला.

त्याने घोट घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. “ताई,” तो म्हणाला, “हीच. हीच ती चव. तुझ्या हाताला तोड नाही गं. मी काय घालवलं ते आज कळलं.”

ताईने त्याच्याकडे पाहिले. तिला राग आला असता तर बरे झाले असते.

“कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलीय,” ती म्हणाली. “मी बनवणं कधीच सोडलं.”

त्याने ग्लास खाली ठेवला. निघताना त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने मला फटीतून उचलले. हात तोच होता, ऊबही तीच, आणि मित्रांनो, माझ्या खुळ्या लाकडाला अजूनही तो आवडला. “ही घेऊन जाऊ?” त्याने विचारले.

ताईने मागे वळूनही पाहिले नाही. “ने की,” ती म्हणाली. “खिडकीला काय, लाटणंही चालतं.”

अशी मी भावाच्या घरी, या फळीवर आले. भावाने फसवले तेव्हा मला ताईचा आधार होता. ताईने सोडले तेव्हा कुणाचाच उरला नाही. तरी तिला मी दोष देत नाही. माझ्याकडे पाहिले की तिला काय आठवत असेल, ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, एवढेच मागते. तुमच्या घरात, वर्गात, दुकानात एखादा कुरकुरणारा माणूस असेल. तो भाजीत मीठ कमी म्हणेल, तुमच्या अक्षराला नावे ठेवील, चांगल्या रंगात आलेल्या मैफलीत नको ते बोलेल. त्याचे तोंड बंद करण्याआधी एकदा तो काय म्हणतो ते स्वतः चाखून बघा. आणि तुमच्यावर प्रेम करणाऱ्याचे नाव एखाद्या वस्तूवर कोरलेले असेल, तर ती हातात घेताना जरा जपून घ्या. आम्ही लाकडाच्या असलो तरी आमच्याखालून काय वाहते आहे ते आम्हाला कळत असते.