दुरुस्तीपुरतं बाहेर

ही गोष्ट १९९९ सालची. टोरांटोच्या सेंट क्लेअर रस्त्याच्या आसपास तेव्हा अजून इटलीतल्या कॅलाब्रियाहून आलेलीच माणसं राहत होती. म्हणजे ज्यांना शहराबाहेर वुडब्रिजला मोठं घर घेणं जमलं नव्हतं ती, आणि ज्यांना तसल्या घराची हौसच नव्हती ती. सेराफिना आपण दुसऱ्या प्रकारातल्या आहोत असं सांगायची, आणि तिच्या तोंडावर कोणी खोटं म्हणत नसे.

कोझिमोच्या विटांच्या घराचा खालचा मजला आणि तळघर तिच्याकडे भाड्याने होतं, तिची लिडिया पाळण्यात होती तेव्हापासून. नवरा ब्रुनो त्याच दारातून कामाला जायचा आणि त्याच दारातून त्याला शेवटचं नेलं. कोझिमो मालक होता, पण मालकी त्याला कधी आठवायची नाही. ऑगस्ट संपत आला की दोन्ही कुटुंबं मागच्या अंगणात बसून टोमॅटो शिजवायची, वर्षभराच्या बाटल्या भरायची. द्राक्षं एकत्र तुडवायची, वाईन एकाच पिंपात मुरायची आणि भांडणंही एकत्रच व्हायची. तेव्हा कोण मालक आणि कोण भाडेकरू, हे परक्याला ओळखू आलं नसतं.

कोझिमोचा मुलगा एलिओ शाळेतून आला की आधी सेराफिनाच्या स्वयंपाकघरात शिरायचा. तिला मावशी म्हणायचा. तिच्या हातची वांगी त्याने इतकी खाल्ली होती की त्याच्या अंगावरचं निम्मं मांस आपलं आहे, असं ती म्हणायची. पुढे ते मांस वुडब्रिजला गेलं. तिथे एलिओने घर बांधलं. दारात सिमेंटचे दोन सिंह, दोघांच्या तोंडातून पाणी पडायचं. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला, आणि खरा स्वयंपाक तळघरात. ज्या चुलीवर कधी दूध उतू गेलं नाही ती चूल दाखवणाऱ्या माणसाबद्दल काय बोलायचं? सेराफिना त्याच्या गृहप्रवेशाला गेली होती. परत येऊन कोझिमोला एवढंच म्हणाली, "सिंहांना सर्दी झालीय."

कोझिमो गेला आणि घर एलिओकडे आलं. पुढच्या जानेवारीत सेराफिना रविवारी चर्चमधल्या मिसाहून परतली, तर दारावर चिकटपट्टीने कागद लावलेला. मजकूर वकिलाचा, सही एलिओची. घराची मोठी दुरुस्ती करायची आहे, तेव्हा जागा रिकामी करावी. ज्या दारातून तो कधी न विचारता आत यायचा, त्या दारावर कागद डकवून पळाला होता.

तिने फोन केला. "एलिओ, मी घरात नाही हे बघून आलास का रे?"

"मावशी, गैरसमज नको. पाइप जुने झालेत, वायरी जुन्या झाल्यात. भिंती पाडायला लागणार. तुमच्याच जिवासाठी करतोय."

"जुनी तर मीही झालेय. मलाही पाडणार का?"

"काय हे मावशी! तुम्ही तर आईसारख्या."

"तुझी आई सुटली," असं म्हणून सेराफिनाने फोन ठेवला.

रस्त्यावर कुजबुज सुरू झाली. बेकरीत बायका एलिओच्या बायकोला पाहून बोलायच्या थांबू लागल्या. एरवी एलिओने त्याची पर्वा केली नसती, पण त्या वर्षी त्याला सान रोक्को या संताच्या उत्सव समितीचं अध्यक्षपद हवं होतं. अध्यक्षाला छातीवर हिरवा-पांढरा-लाल पट्टा मिळतो आणि मिरवणुकीत मूर्तीच्या पुढे चालायला मिळतं. एलिओला लहानपणापासून पुढे चालायची आवड होती. मागे काय चाललंय ते त्याने कधी पाहिलं नाही.

मार्चमध्ये कोझिमोच्या वर्षश्राद्धाचा मिसा झाला आणि चर्चच्या खालच्या हॉलमध्ये एलिओने जेवण दिलं. सगळा मोहल्ला आला, कारण फुकट जेवणाला न जाण्याइतका राग आमच्यात कोणालाच येत नाही. आधी पास्ता, मग वासराचं मटण, मग एलिओ. त्याने माईक हातात घेतला, डोळे पुसले.

"लोक म्हणतात मी सेराफिनामावशीला बाहेर काढतोय," तो म्हणाला. "अरे, मी तिच्यासाठी घर नवं करतोय! दुरुस्तीपुरतं बाहेर. काम संपलं की पहिली किल्ली मावशीच्या हातात, भाडं जुनंच. माझ्या बापाच्या आत्म्याची शपथ!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. एलिओने टेबलं ओलांडत येऊन सेराफिनाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. फोटो निघाला. त्या फोटोत सेराफिना आंबट लिंबू चावल्यासारखी दिसते, पण खरं सांगायचं तर तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. माणूस कितीही हलका असला तरी बापाच्या नावाने खोटं बोलणार नाही, असं तिच्या पिढीला वाटायचं. एलिओ अध्यक्ष झाला. एप्रिलमध्ये सेराफिना सामान बांधून मिसिसागाला लेकीकडे, लिडियाकडे गेली.

मिसिसागाबद्दल तिचं मत तिने पहिल्याच आठवड्यात बनवलं आणि ते कधी बदललं नाही. रस्ते आहेत, पण रस्त्यावर माणूस नाही. ब्रेड आणायलाही गाडी लागते, आणि आणलेला ब्रेड दाबला की पुन्हा फुगतो. लिडियाने आईला तळघरातली खोली दिली होती. गालिचा होता, टीव्ही होता, आणि छताशी एक हातभर खिडकी होती, तिच्यातून शेजाऱ्याच्या गवताची मुळं दिसायची. लिडिया बँकेत, जावई प्रवासात. पोरांचं सगळं सेराफिनाकडे आलं. लिडिया मैत्रिणीला फोनवर "आईला आमच्याकडे किती करमतं" असं सांगत असताना सेराफिनाने ऐकलं आणि भांडी जरा जोरात आपटली. इथे राहिले तर मी या गालिच्यावरच मरणार, आणि चर्चमध्ये मला ओळखणारं एक माणूस नसेल, हे तिला दिवसेंदिवस स्पष्ट दिसत होतं.

जुलैत कोणीतरी कळवलं की घर तयार झालं आणि दारात भाड्याची पाटी लागली. लिडियाने एलिओला फोन केला आणि परत येऊन आईसमोर बसली.

"आई, कायद्याने तुला परत यायचा हक्क होता. पण 'मी परत येणार' असं जाण्याआधी लेखी द्यायला हवं होतं. तू दिलं नाहीस."

"त्याने माईकवर सांगितलं होतं ना?"

"माईक म्हणजे लेखी नाही."

"मग तू बँकेत बसून काय करतेस? तुला माहीत नव्हतं?"

लिडिया पोरांच्या डब्यांकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तू इथेच राहशील." सेराफिनाने तिच्याकडे असं पाहिलं की लिडिया उठून डबे पुसायला लागली. ते आधीच कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी सेराफिना बस बदलत बदलत सेंट क्लेअरला गेली. दार उघडंच होतं. एलिओ एका जोडप्याला जागा दाखवत होता. त्यातल्या तरुणाच्या पायांत बूट होते, मोजे नव्हते, आणि मुलगी प्रत्येक रिकाम्या कोपऱ्याला "वा" म्हणत होती.

"या मावशी!" एलिओ गडबडला, पण हसला. जोडप्याला म्हणाला, "या आमच्या जुन्या भाडेकरू. अगदी घरच्यासारख्या." मग तिच्याकडे वळून, "बघा, काय सुंदर झालंय!"

सेराफिनाने सगळीकडे नजर फिरवली. "भिंत कुठे गेली?"

"आता असंच असतं, मोकळं. स्वयंपाक करता करता पाहुण्यांशी बोलता येतं."

"कांदा तळला तर वास बिछान्यात शिरेल."

"आता कोणी कांदा तळत नाही, मावशी." त्याने तिला कोपराला धरून ओट्यामागे नेलं. "तुम्ही लेखी दिलं नाहीत. माझे हात बांधलेले आहेत."

"सगळ्या हॉलने ऐकलं."

"अहो, जेवणावरच्या गोष्टी त्या. पोट भरलं की माणूस काहीही बोलतो."

"बापाच्या नावाने?"

"बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

"तुझा बाप असता तर त्याने तुझ्या कानाखाली वाजवली असती, आणि मग मला कॉफी दिली असती. माझं कोपर सोड."

तिथून ती थेट पत्त्यांच्या क्लबात गेली. बायका तिथे पाऊल टाकत नसत. खिडकीपाशी कुंपारे मिकेले बसला होता. लिडियाच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला हातात धरलं होतं, त्या नात्याने तो कुंपारे आणि सेराफिना कुम्मारे. जन्मभर विटा रचून त्याची मान खांद्यात गेली होती. सान रोक्कोची मूर्ती उचलणाऱ्यांचा तो म्होरक्या. त्याने शीळ घातली की मूर्ती उठायची, शीळ घातली की टेकायची.

सेराफिनाने उभ्यानेच सगळं सांगितलं. कोणीतरी पुटपुटलं, "काय करणार, घर त्याचं आहे."

"मार्चमध्ये तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात," ती म्हणाली. "आता ते हात कुठे गेले?"

मिकेलेने पत्त्यांवरून नजर काढली नाही. "हातात पत्ते आहेत, कुम्मारे."

बसमध्ये तिने अख्ख्या पुरुषजातीला शिव्या घातल्या. देव खांद्यावर घेतात आणि जीभ खिशात ठेवतात. शेजारच्या शीख म्हाताऱ्याला भाषा कळत नव्हती, तरी तो समजल्यासारखा मान हलवत होता.

ऑगस्टच्या मधल्या रविवारी सान रोक्कोची मिरवणूक निघाली. सेराफिना जाणार नव्हती, पण एलिओसाठी संताला का सोडायचं, म्हणून काळा झगा घालून आली आणि बायकांच्या रांगेत मेणबत्ती घेऊन मागे चालू लागली. अध्यक्षाने त्या वर्षी मिरवणुकीचा रस्ता जरा बदलला होता. का, ते वळण घेतल्यावर कळलं. मूर्ती त्याच्या नव्या केलेल्या घरासमोर थांबणार होती. कठड्यावर रेशमी चादरी, पायरीवर फुलं, आणि समोर पट्टा घातलेला एलिओ, हात जोडून, फोटोवाल्याच्या बाजूला तोंड करून.

मिकेलेने शीळ घातली. मूर्ती टेकली. बँड वाजला, फादरने आशीर्वाद दिला, फोटो निघाले. एलिओने खूण केली, चला.

मिकेलेने शीळ घातली नाही. तो रुमालाने मान पुसत उभा राहिला. मूर्ती उचलणारे बाकीचे म्हातारे तिच्या दांड्यांपासून हात काढून उभे.

"उचला," एलिओ म्हणाला.

"उचलत नाही, अध्यक्षसाहेब."

"म्हणजे?"

"जड झालाय."

"आत्तापर्यंत तर उचलत होता!"

"आत्तापर्यंत हलका होता. इथे येऊन जड झाला. आता संताला काय खुपलं, ते मी गवंडी माणूस कसं सांगणार? तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्ही विचारा."

बँडने तीच धून पुन्हा सुरू केली, मग पुन्हा. मिरवणुकीचं शेपूट अजून सेंट क्लेअरवर होतं आणि मागे ट्राम घंटा बडवत खोळंबली होती. उन्हाने लालबुंद झालेल्या पोलिसाने विचारलं, काय झालं? एका पोराने त्याला सांगितलं की संत दमलाय. एलिओने वुडब्रिजच्या आपल्या मेहुण्यांना बोलावलं. ते चकचकीत बुटांतले धटिंगण दांड्यांना भिडले. कोणाचा पाय कोणाशी जुळेना. एक कोपरा वर आला, सान रोक्को कलला, त्याच्या पायाशी कोरलेला कुत्रा आधी घसरल्यासारखा दिसला आणि बायकांनी अशी किंकाळी फोडली की मेहुण्यांनी दांडा सोडून छातीवर क्रूसाची खूण केली.

मग हळूच एका बाईचा आवाज आला, "कोणीतरी बापाच्या नावाने खोटी शपथ घेतलीय, दुसरं काय." दुसरी म्हणाली, "मी हॉलमध्ये होते, मी ऐकली." एका घराच्या पायरीपासून दुसऱ्या घराच्या पायरीपर्यंत ते वाक्य गेलं आणि परत आलं. फादर प्रार्थनेच्या पुस्तकात फार लक्षपूर्वक बघू लागला.

एलिओ घामाने निथळत मागे बायकांच्या रांगेत आला. "मावशी, सांगा ना यांना."

"मी काय सांगू? मी तर इथली राहणारीसुद्धा नाही."

त्याने खिशातून जुडगा काढला, किल्ली सोडवली, तिच्या मुठीत कोंबू लागला. "घ्या. झालं? घ्या आणि मिटवा."

सेराफिनाने मूठ उघडली नाही. "चोरून देतोस? मार्चमध्ये माईक होता."

जपमाळेची प्रार्थना सांगायला आणलेला माईक आणि कर्णा एका गाडीवर होताच. अध्यक्षाला त्याच्यापर्यंत गर्दीतून जावं लागलं, आणि गर्दीने वाट दिली, पण सावकाश. तो बोलला. घर मावशीचं, उद्यापासून, जुन्याच भाड्याने. "ऐकू आलं नाही," मागून कोणीतरी ओरडलं. तो पुन्हा बोलला. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. सेराफिनाने किल्ली घेतली आणि ती झग्यात टाकली.

मिकेलेने शीळ घातली. सान रोक्को पिसासारखा उठला.

बिनमोज्यांच्या जोडप्याला एलिओने दुसरी जागा शोधून दिली म्हणतात. सेराफिना सप्टेंबरात परतली. नव्या मोकळ्या स्वयंपाकघरात तिने कधी कांदा तळला नाही. तळघरात जुनी गॅसची शेगडी बसवून घेतली आणि वर फक्त कॉफी केली, तीही नाक मुरडत. तिथे ती आणखी अकरा वर्षं राहिली आणि त्याच दारातून गेली. त्या दिवशी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. त्या अकरा वर्षांत लिडिया दर रविवारी आईकडे जेवायला यायची. दोघी त्या वर्षाबद्दल कधी बोलल्या नाहीत.

मिकेलेला त्या दिवसाबद्दल कोणी विचारलं तर तो म्हणायचा, संत खरंच जड झाला होता, माझा खांदा विचारा. तो सेराफिनाच्या आधी गेला. उचलणारे म्हातारे संपले, आणि आता मूर्ती चाकांच्या गाड्यावर ढकलतात.

एलिओ पुन्हा कधी अध्यक्ष झाला नाही. असल्या माणसांचं पुढे वाईट होतं असं गोष्टींत असतं. त्याचं काही वाईट झालं नाही. सेराफिनाच्या मागे त्याने ते घर विकलं, आणखी चार घेतली, आणि आता भाडेकरूंना कागद पाठवायला त्याने वकिलाचं अख्खं ऑफिस ठेवलंय. शपथ मात्र तो घेत नाही.