डोंगराची प्रेयर

"बेअरिंग बदललंस तू," यारी गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला. ना रामराम, ना बरा आहेस का. चार वर्षांनी भेटतोय, फिनलंडहून आलाय, आणि पहिला हात कुठे ठेवला तर विहिरीवरच्या चालू मोटरीवर.

"चार वर्सं झाली की बाबा," मी म्हणालो. "खडखडत व्हती. जळली असती."

त्याने डोळे मिटले, तळहात मोटरीवर तसाच ठेवला आणि मान हलवली. लोक मोटर बिघडली म्हणून माझ्यापुढे रडतात, हा पठ्ठ्या नीट केली म्हणून रडायला आलेला.

त्याच्या दुःखाला कारण होतं, तेही सांगतो. आधी मी कोण ते ऐका. मी प्रदीप. कोळवण खोऱ्यात शहरवाल्यांनी जी फार्महाउसं घेतलीत, त्यातल्या एकवीस घरांच्या मोटरी माझ्या हातात. पाणी चढलं नाही की मला फोन. पाणी चढलं की वर्षभर कुणाला माझं नाव आठवत नाही. यारी त्यातल्याच एका घरात, स्वरदामॅडमकडे, एक हिवाळा राहिला होता. त्याचं नाव खरंच यारी. आमच्याकडे नाव सांगितलं की लोक म्हणायचे, "यारी का दोस्ती?" आणि आपणच हसायचे.

मॅडम म्हणाल्या होत्या, हा त्यांच्याकडचा मोठा डीजे आहे. झालं! गावात डीजे म्हणजे ट्रकवरची स्पीकरची भिंत. बहिरूच्या पोराच्या हळदीला लोक त्याला सन्मानाने घेऊन गेले. यारीने एक छोटा डबा मांडला आणि त्यातून काय काढलं, तर दूर कुठे पाणी ठिबकतंय आणि कुणीतरी श्वास घेतंय. दहा मिनिटं मांडव गप्प. कुणी नाचेना, कुणी उठेना. शेवटी बहिरूच म्हणाला, "पाव्हणं, पुढचं गाणं कवा लागायचं?" पण त्या रात्री घरी जाताना माणसं हळू बोलत होती, हे मी पाहिलंय.

त्या हिवाळ्यात तो रोज माझ्यामागे विहिरीवर यायचा. आमचं बोलणं म्हणजे अर्धी हिंदी, पाव इंग्रजी, उरलेले हातवारे. तुम्हाला सरळ मराठीत सांगतो. त्याचा बाप कागदाच्या गिरणीत कामाला. गिरणीच्या भिंतीला पाठ लावून हा पोरवयात बसायचा आणि यंत्राचा ठोका पाठीतून ऐकायचा. पुढे तोच ठोका त्याने गाण्यात घातला. बाविसाव्या वर्षी नाव झालं. मग वीस वर्षं विमान, स्टेज, दिवे, समोर चाळीस-चाळीस हजार माणसं. "माणसांचे चेहरे दिसायचे नाहीत," तो म्हणायचा, "फक्त वर केलेले हात." शेवटी कान बिघडले. आत सतत शिट्टी वाजायची. डॉक्टरने सांगितलं, थांब. म्हणून तो आमच्या खोऱ्यात शांत बसायला आला होता.

आम्ही मोटरवाले एक युक्ती करतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतली सगळी कुरकुर ऐकू येते. मी ते यारीला दाखवलं. लहान पोरासारखा हरखला. माझ्या खडखडणाऱ्या मोटरीचा ठोका त्याने तसाच भरून घेतला. त्यानंतर आठवड्याने मी बेअरिंग बदललं, तो गेल्यावर.

आणि आयेचा आवाजही त्याने तिथेच घेतला.

माझी आई फुलाबाई. आमचं घर खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, विहिरीपासून दोन बांध आणि एक ओढा ओलांडून. दुपार झाली की ती पडवीपुढच्या दगडावर उभी राहायची आणि हाक मारायची. अख्ख्या खोऱ्याला घड्याळ लागायचं नाही. हाक डोंगरावर आपटून परत यायची, मग तीच पुन्हा, जरा बारीक होऊन. धुक्यात तर ती कुठल्या बाजूने येते तेच कळायचं नाही.

त्या दिवशी यारी मशीन चालू करून बसला होता आणि हाक आली. त्याच्या अंगावर काटा आला. मला दंड दाखवला त्याने. म्हणाला, "हे काय आहे? कोण गातंय?"

आता काय सांगावं? चाळिशीचा बाप्या मी, दोन पोरींचा बाप, आणि माझी आई खोऱ्याला ऐकू जाईल असं मला जेवायला बोलावतेय. समोर विलायती माणूस. लाज वाटली मला, खरंच वाटली. शाळेतला एक शब्द तोंडात आला तो फेकून दिला.

"प्रेयर," मी म्हणालो. "डोंगराची प्रेयर."

त्याने हात जोडले. मी मोटरीकडे तोंड केलं.

पुढे ते गाणं निघालं. मोटरीचा ठोका आणि त्यावर आयेची हाक, ताणून ताणून एवढी लांब केलेली की मला स्वतःला ओळखू येईना. त्याच्या शेवटच्या वर्षांतलं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणे ते. मी एकदाच ऐकलं, अर्धं. शरम वाटली म्हणून बंद केलं.

तर तो यारी आज परत आला होता. नोव्हेंबर संपत आलेला, भात कापून झालेलं, खाचरांत नुसता सड उभा. अकरा वाजले तरी धुकं ओढ्यावरून उठलं नव्हतं.

"आजी कुठे?" त्याने विचारलं.

"आये गेली," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही. आता त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागतं, तोंडाकडे बघत. आणि हे वाक्य मला ओरडून म्हणावं लागलं. "गेल्या पावसाळ्यात! आये गेली!"

तो टाकीच्या कठड्यावर खाली बसला. आयेने त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊ घातली होती. त्याच्या गावातही असलेच बारके मासे खातात म्हणून तो चाटूनपुसून खायचा. ती त्याला यारूबाबा म्हणायची.

मग तो बोलला. येत्या महिन्यात त्याचा शेवटचा कार्यक्रम होता, त्याच्याच शहरात. नंतर वाजवणं कायमचं बंद. शेवटी हेच गाणं, आणि मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत त्या प्रेयरचे शब्द आणि अर्थ. "लोक या गाण्याला रडतात," तो म्हणाला. "मलाच माहीत नाही त्यात काय आहे. मला चुकीचं लिहायचं नाही. तिच्यासाठी तरी नाही. तू सांग."

बोंबला! माझ्या हातातला पाना खाली पडला.

खोटं सांगणं अवघड नव्हतं. हे डोंगरा, पाणी दे, पीक दे, असं काहीतरी. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण आये काय म्हणाली असती तेही आलं. "आपुन बुद्धाच्या इहारात जानारी मानसं. डोंगराला कवा हात जोडलं रं म्या? माज्या नावावर काय बी खपवतुस व्हय?"

आणि खरं सांगावं, तर चाळीस हजार लोक आयेला हसणार. या माणसाचं शेवटचं काम म्हणजे चेष्टा होऊन बसणार. तेही माझ्यामुळे. मी टाकीतलं पाणी तोंडावर मारलं.

"यारी," मी ओरडलो, "ती प्रेयर न्हाई."

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं.

"मी खोटं बोललो तवा. लाज वाटली मला. ती मला जेवायला बोलवत व्हती. 'परद्या, ये रं, भाकर निवतीया.' भाकर गार व्हतीय, ये. एवढंच. रोजचं."

धुक्यात कुणाची तरी म्हैस हंबरली, पण तेही त्याला ऐकू गेलं नसणार. मला वाटलं, आता हा उठून गाडीत बसेल. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता. हसता हसता डोळे पुसायला लागला आणि ते काही थांबेना.

"आमच्याकडे हाक मारत नाहीत," शेवटी तो म्हणाला. "आई ताट वाढून ठेवते. गप्प बसून वाट बघते. आम्ही कमी बोलणारी माणसं." मग, "म्हणून रडत होते ते. त्यांना कुणीतरी घरी बोलावत होतं."

"म्हंजी लिवणार तू? भिंतीवर?"

"हेच लिहिणार. तुझ्या अक्षरात दे."

लिहायला काही नव्हतं. बेअरिंगच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं, भाकर निवतीया. त्याने ते दोन बोटांत धरून जपून पाकिटात ठेवलं.

"मूळ आवाज ऐकायचाय?" त्याने विचारलं. "न ताणलेला. माझ्याकडे आहे."

मी हो म्हणून मान हलवली. घरात आयेचे फोटो ढीगभर आहेत, पण फोन समोर धरला की ती पदर सावरून गप्प बसायची. आवाज एकही नाही.

त्याने मशीन कठड्यावर ठेवलं. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर त्याला दिला. त्याने टोक स्पीकरवर टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि बटण दाबलं.

आधी मोटर खडखडली. मग आये.

"परद्याऽऽ! ये रंऽऽ! भाकर निवतीया, ये की रं बाबाऽऽ!"

ती हाक डोंगरावर जाऊन आली. मी कठडा धरला. मोटर वाजत राहिली आणि मग तिसराच आवाज आला, जवळून, चिडका.

"वरडू नगंस गं म्हातारे! पाव्हणं हायेत हितं! कळत न्हाई का?"

पुढे नुसती मोटर. पलीकडून काहीच नाही.

"हा तुकडा मी कापला होता," यारी म्हणाला. "तूच आहेस ना? काय म्हणतोयस?"

"मी हाय," मी म्हणालो. "तिला गप बस म्हणतोय."

आणि आये गप्प बसली होती. त्या दिवसानंतर तिने दगडावर उभं राहून कधी हाक मारली नाही. मला वाटत आलं, म्हातारीचा दम कमी झाला. वृषालीला, माझ्या बायकोला, ती म्हणायची, "त्येला फोन कर गं, नुसती रिंग दे. चारचौघांत त्येला बरं दिसत न्हाई." मिसकॉल आला की मी जेवायला जायचो. तीन वर्षं ती जिवंत होती त्यानंतर. तीन वर्षं, दररोज.

यारीने मशीन बंद केलं, वायर गुंडाळली, सगळं पिशवीत भरलं. माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही त्याने. भला माणूस.

धुकं उठलं होतं. पलीकडे आमचं घर दिसायला लागलं, पडवी, पुढचा दगड. माझ्या खिशात फोन थरथरला, दोनदा, आणि थांबला. वृषाली. दुपार झाली होती.

मी बांधावर चढलो. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"आलो गं आयेऽऽ!"

पडवीत वृषाली बाहेर आली आणि कपाळावर हात धरून विहिरीकडे बघत उभी राहिली. डोंगराने माझं बोलणं घेतलं आणि जरा वेळाने परत दिलं. यारी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागे धरून होता. टोक त्याने बांधाच्या दगडावर टेकवलं होतं.

"चल," मी त्याला खुणेने म्हणालो. "भाकर निवतीया."