टोपलीतला लहान बूट

“अगं, ऐकलंस का? त्या मुलीचा एक पाय म्हणे…”

एवढंच कानावर आलं आणि वरून दोराला हिसका बसला. मी दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून चौथ्यावर. पुढचं वाक्य खालीच राहिलं. माझं सगळं आयुष्य हे असंच गेलं बघा. निम्मी बातमी एका गॅलरीत, निम्मी दुसरीत, आणि माझ्या पोटात आपल्या दोन भाकऱ्या नि मूठभर ऑलिव्ह.

मी टोपली बोलतेय. बैरुतच्या बुर्ज हम्मूद मोहल्ल्यातली, चौथ्या मजल्यावरून दोरानं खाली सुटणारी टोपली. मला नाक नाही, पण ते खुपसायची सवय मात्र आहे. रोज चार मजल्यांच्या गॅलऱ्यांसमोरून खालीवर करायचं आणि कान मिटून घ्यायचे, हे कुणाला जमेल?

समुद्राकाठच्या एका गावात एका म्हाताऱ्यानं मला वेतापासून विणलं. विणताना तो म्हणायचा, “टोपलीचं तोंड उघडं असलं तरी चालतं, तळ पक्का हवा.” तोंडाचं काय झालं ते तुम्ही बघताच आहात. तळ मात्र पुष्कळ वर्षं टिकला.

मला विकत घेतलं येरानिकबाईंनी. लढाईच्या दिवसांत रस्त्यावर उतरायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी माझ्या जिवावर घर चालवलं. त्या गेल्या आणि मी सून अझनीवच्या हाती आले. त्यांचा मुलगा गार्बिस बूट करणारा. माझी कडी सुटली की तो मेणातल्या दोऱ्यानं ती शिवून द्यायचा. आमच्या मोहल्ल्यात वीज गेली की लिफ्ट मधेच अडते, म्हणून माझी गरज रोजची. अझनीव वरून हाक मारायची, “मिहरानभाऊ, टोपली आली!” आणि खालचा वाणी मिहरान सामान भरून दोर दोनदा ओढायचा.

गार्बिस-अझनीवच्या लग्नाला चौदा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरची मक्रुही मनानं वाईट नाही, पण तिची जीभ तिच्या आधी उठते. एकदा मी कांदे घेऊन वर जात होते, तर ती कठड्यावरून म्हणाली, “अझनीव, रोज काय कांदेच ओढतेस गं! एखादं दुपटं पण घाल की कधी टोपलीत!”

अझनीवनं दोर असा ओढला की तीन कांदे रस्त्यावर गेले. ते उचलायला त्या दिवशी कुणी खाली गेलं नाही.

मग धर्मगुरूंनी वाट दाखवली. आर्मेनिया म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या लोकांचा मूळ देश, पण इमारतीतल्या कुणी तो डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तिथल्या ग्युम्री गावात एक अनाथालय होतं. चर्चचं पत्र, डॉक्टरचं पत्र, कोर्टाचे कागद, शिक्क्यांवर शिक्के असं करता करता दोन वर्षं गेली. शेवटी निरोप आला की शुशान नावाची एक मुलगी आहे, पाच वर्षांची. फोटो पाठवू का?

गार्बिसनं उलट निरोप धाडला, “फोटो नको. पायाचं माप पाठवा.”

अझनीव चिडली. “लोक आधी चेहरा विचारतात!”

“चेहरा बघून आवडनिवड ठरते,” तो म्हणाला. “पाय बघून फक्त बूट ठरतो.”

माप आलं ते तिकडून येणाऱ्या एका माणसाच्या हातून. मिहराननं पाकीट माझ्यात ठेवलं आणि मीच ते वर नेलं. गॅलरीतच दोघांनी कागद उलगडला. पेन्सिलनं काढलेली दोन पावलं, उजवं आणि डावं. डावं उजव्यापेक्षा दोन बोटं लहान.

“रेघ चुकली असेल,” अझनीव म्हणाली.

“रेघ चुकली तर एका बाजूला चुकते. हा पायच लहान आहे.”

भिंतींना कान असतात म्हणे. मक्रुहीला भिंतीची गरज नाही, तिला खालचा कठडा पुरतो. दुसऱ्या दिवशी सगळी इमारत तेच बोलत होती. त्यातलंच ते निम्मं वाक्य, मी सुरुवातीला सांगितलं ते.

मी वर पोचले, तर गार्बिस गॅलरीत बसून चामडं कापत होता. लाल चामडं. एक बूट मोठा, एक लहान.

“लालच का?” अझनीवनं विचारलं.

“मापं दोन असली तरी रंग एक दिसायला हवा.”

तिनं तो लहान बूट हातात घेऊन फिरवून पाहिला. “म्हणजे जायचं?”

“बूट झालेत ना? मग जायलाच हवं.”

दोघं आर्मेनियाला गेली, आणि वीस दिवसांनी शुशानला घेऊन टॅक्सीतून उतरली तेव्हा सगळ्या गॅलऱ्या रस्त्यावर वाकल्या होत्या. शुशान हडकुळी, कानांवर टोपी ओढलेली. सगळ्यांची नजर आधी तिच्या पायांकडे. दोन लाल बूट, दोन्ही एका मापाचे, आणि चाल अगदी सरळ.

“अगंबाई, दोन्ही सारखेच की!” मक्रुहीच्या आवाजात आनंद होता, पण थोडी निराशाही होती. खोटं कशाला बोलू?

अझनीवनं नंतर तिला गॅलरीतून सांगितलं. पोरीचे दोन्ही पाय धड निघाले. गार्बिस हसला, मग रडला, आणि तिथल्याच एका मोच्याच्या दुकानात बसून त्यानं मोठ्या बुटाला जोडीदार शिवला. लहान बूट खिशात टाकला. मापात गफलत झाली असेल, म्हणून विषय संपला.

“निघताना एक चिमुरडी शुशानच्या फ्रॉकला लोंबकळली होती,” अझनीव म्हणाली. “दाईनं तिची बोटं सोडवली. म्हणाली, ही सगळ्यांनाच अशी चिकटते.”

हे ती जाता जाता बोलून गेली, आणि मीही तेव्हा ते जाता जाताच ऐकलं.

शुशान घरात आली खरी, पण बोलेना. एक महिना, दोन, पाच महिने. सांगितलेलं करी, दिलेलं खाई. प्रत्येक भाकरी आधी मधोमध मोडायची, निम्मी खायची आणि निम्मी उशीखाली ठेवायची. उशीला मुंग्या लागल्या. अझनीव मुकाट्यानं खोळ बदलायची. तो लहान लाल बूट मात्र पोरगी हातातून सोडत नसे. बाहुलीसारखा धरते, धरू दे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

“पाय सारखे निघाले, पण जीभ लहान निघाली बाई,” मक्रुही म्हणाली.

“तुझी घे म्हणावं थोडी उसनी,” मिहरान खालून ओरडला. “तुला उरतेय!”

अझनीव हसली नाही. ती रात्रंदिवस एकच गोष्ट घोकत होती, हे मला दोराच्या थरथरीवरून कळायचं. ही आपली होईल का? की आपण नुसतं एक लेकरू उचलून आणलं?

मग थंडीतली ती दुपार आली. वीज गेलेली, अझनीव स्वयंपाकघरात. शुशान गॅलरीत आली. तिनं माझ्यात अर्धी भाकरी ठेवली, तिच्यावर तो लहान बूट ठेवला, आणि दोन्ही हातांनी दोर सोडत मला खाली उतरवू लागली. मी मक्रुहीच्या कठड्यावर आपटले, तिच्या कपड्यांच्या दोरीत अडकले, सुटले. वरून आवाज आला, बारीक आणि घोगरा,

“आरी! आरी!”

आमच्या बोलीत कुणाला ‘ये’ म्हणायचं तर ‘येगुर’ म्हणतात. तिकडच्या बोलीत म्हणतात ‘आरी’.

मिहरान धावत आला. “आलो, होकीस, आलो! काय देऊ?” आमच्याकडे लहानमोठं कुणीही ‘होकीस’ असतं, म्हणजे माझा जीव. त्यानं माझ्यात डोकावलं आणि गोंधळला. “अझनीव! अगं, मुलगी बोलली! पण हे काय पाठवलंय? अर्धी भाकरी नि एक बूट?”

अझनीव ओल्या हातांनी बाहेर आली. मिहराननं दोर दोनदा ओढला आणि मी वर गेले. शुशाननं घाईघाईनं आत पाहिलं. भाकरी तशीच होती. बूटही तसाच. कुणी घेतलंच नव्हतं. त्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

गार्बिसला दुकानातून बोलावलं. तो काही न विचारता मापांचा तो जुना कागद घेऊन आला आणि गॅलरीच्या फरशीवर पसरला. शुशाननं पायातला बूट काढला, उजवा पाय मोठ्या पावलावर ठेवला. बरोबर बसला. मग वाकून लहान पावलावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “नाझेली.”

ती थोडंथोडं सांगू लागली, ते कळायला संध्याकाळ झाली. दाईनं कागद-पेन्सिल एका मोठ्या मुलीच्या हाती दिली होती. बूट येणार हे कळल्यावर शुशाननं आपला एकच पाय काढू दिला. दुसरा काढला नाझेलीचा. दोघी एका पलंगावर झोपायच्या, एका ताटात जेवायच्या. दोघींना एक-एक बूट मिळाला असता. नाझेली म्हणजे ती फ्रॉकला लोंबकळलेली चिमुरडी. बहीण नव्हे. कागदावर रक्ताची नाती लिहितात, पलंगाची नाही लिहीत.

“मी बघत होते रे,” अझनीव म्हणाली. “त्या दाईनं एकेक बोट सोडवलं आणि मी नुसती बघत होते.”

“परत जाऊ,” गार्बिस म्हणाला. “तिलाही आणू.”

“आणि तिथं पोचल्यावर शुशान माझा हात सोडून आत पळाली तर?”

गार्बिसनं कागदाची घडी घातली. “तर दाराशी बसून राहायचं. मापाला वेळ लागतो.”

त्यानं लहान बुटाला जोडीदार शिवला. धर्मगुरूंनी नवं पत्र दिलं. तिघं निघाली तेव्हा मक्रुहीनं इमारतभर करून टाकलं, “परत द्यायला नेली हो पोरीला!” पण घराची किल्ली तिच्याकडेच होती. ती रोज वर येऊन अझनीवच्या कुंड्यांना पाणी घालायची आणि नाक पुसत खाली जायची.

मी सोळा दिवस कठड्याला रिकामी लटकून होते. एक पारवा येऊन माझ्यात बसायचा. मी त्याला हाकलू शकत नव्हते, आणि खरं तर हाकलावंसं वाटतही नव्हतं.

सतराव्या दिवशी टॅक्सी आली. तिघं गेली होती, तिघंच उतरली. मक्रुहीनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. “दुसरी कुठाय?”

दुसऱ्या दिवशी अझनीव गॅलरीत मटार सोलत बसली, तेव्हा मी सगळं ऐकलं. पहिल्यांदाच एक गोष्ट मला अख्खी ऐकायला मिळाली.

नाझेली अनाथालयात नव्हती. तिची आजी तिला गावी घेऊन गेली होती. तिला तिथं कायमची दिलेलीच नव्हती, आजीचे दिवस फिरेपर्यंत ठेवलेली होती. ही तिघं त्या गावी पोचली. नाझेली आजीच्या मांडीवर बसून उकडलेला बटाटा खात होती. शुशानला पाहून तिनं आजीच्या कुशीत तोंड लपवलं. ओळखलंच नाही.

गार्बिसनं गुडघे टेकून लाल बूट पुढे केला. तो पायात जाईना. पाय वाढला होता. उभ्या जन्मात ज्याचं माप चुकलं नाही, तो माणूस बूट हातात धरून तसाच बसून राहिला.

“आजी म्हणाली, ‘आरी, बाळ, आत ये, जेव,’” अझनीव सांगत होती. “मक्रुहीबाई, मी दारातच उभी राहिले. म्हटलं, आता ही जाते. आता म्हणणार, मी इथंच राहते.”

शुशान आत गेली. खिशातली भाकरी मोडून निम्मी तिनं नाझेलीच्या हातावर ठेवली. नाझेलीनं ती खाल्ली. मग शुशाननं गार्बिसच्या खिशातून कागद काढला, कोऱ्या बाजूनं जमिनीवर पसरला आणि नाझेलीचं पाऊल त्यावर धरून ठेवलं. गार्बिसनं पेन्सिल फिरवली. आधी डावं, मग उजवं.

“आणि मग,” अझनीवचे हात मटारात थांबले, “ती उठली, गार्बिसचं बोट धरलं आणि म्हणाली, ‘येगुर.’ आपल्या बोलीत म्हणाली हो. येगुर.”

मक्रुही ऐकून कठडा सोडून आत निघून गेली. तिच्याबाबतीत असं मी दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही.

याला आता चौदा वर्षं झाली. दर वसंतात तिकडून नाझेलीच्या मापाचा कागद यायचा आणि दर उन्हाळ्यात इकडून बूट जायचे. मीच ते खाली सोडायचे. परवा परवा माझाही तळ खचला, वजन पेलेना. आता कठड्याला प्लॅस्टिकची बादली लोंबते, आणि मी आतल्या भिंतीवर खिळ्याला आहे. माझ्यात तो लाल बुटांचा लहान जोड आहे, कुणाच्याच पायात न गेलेला. मला अडगळ म्हणून काढून टाकायची वेळ येईल, ती येवो. माझी तक्रार नाही. फक्त टाकण्याआधी एकदा आत हात घालून बघा.

इथून गॅलरीतलं अजून ऐकू येतं. कालच म्हातारी मक्रुही तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरणीला सांगत होती, “वरच्यांच्या मुलीचा एक पाय लहान होता बरं का, पण…”

शुशान कपडे वाळत घालत होती. ती कठड्यावरून वाकून मोठ्यानं म्हणाली, “होता ना, आजी! आता तोही माझ्याएवढा झालाय!”

मक्रुहीला आता कमी ऐकू येतं. तिला यातलं निम्मंच कळलं असणार.