बियाण्याची बादली

रंगुबाईंनी मनगटापर्यंत हात पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. ओठांत नाम चालूच होतं. थोड्या वेळानं एक मिशी बोटांना लागली, मग दुसरी, आणि तळहातावर काहीतरी अलगद येऊन बसलं. त्यांनी शेपटीवरून अंगठा फिरवला. गच्च भरलेली. डोळे न उघडताच त्यांनी तो झिंगा उचलून शेजारच्या निळ्या बादलीत सोडला.

ती बियाण्याची बादली.

वरवंडच्या रानात उसाचं एक वावर मोडून त्यांच्या मुलानं, बाळासोनं, तळं खणलं होतं, दौंडच्या अलीमच्या भागीदारीत. सुरुवातीचे झिंगे नुसते डोक्या-नांग्यांचे. मुंडकं मोडलं की हातात मांस चिमूटभर. मग दोघांनी ठरवलं, लहान डोक्याचे, जाड शेपटीचे तेवढे नर-मादी राखायचे, त्यांचीच पिल्लं वाढवायची, बाकीचे बाजारात. पिल्लांना खारं पाणी लागतं, ते अलीम पनवेलहून टाकीत भरून आणायचा. पण जाळ्यात धरले की झिंगे तडफडायचे, पाय मोडून घ्यायचे. सकाळी काठावर नामाला बसणाऱ्या रंगुबाईंच्या हाताशी मात्र एखाद-दुसरा आपणहून यायचा.

"मावशी, राखायचे तेवढे तुम्हीच निवडा," अलीम म्हणाला होता.

"मी माळकरी बाई. मला जिवाला हात लावाया लावतोस व्हय रं?"

"तुम्ही उचलला त्यो वाचला, मावशी. मारायचं पाप आमच्याकडं."

रंगुबाईंनी तो शब्द पदराच्या गाठीला बांधला. आपल्या हाताला लागलेला जीव मरायचा नाही, हाही मग तुळशीला पाणी घालण्यासारखा त्यांचा रोजचा नेम होऊन बसला.

झिंग्यांच्या चार-पाच पिढ्या अशाच गेल्या. वरवंडात मोबाईलचा टॉवर उभा राहिला त्या साली रंगुबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. आता नाम सुरू व्हायच्या आधीच पायरीजवळचं पाणी झिंग्यांच्या गर्दीनं काळं झालेलं असे. झिंग्याला बोट लागलं की तो शेपूट आपटून मागं उसळतो; हे उसळत नव्हते. तळहातावर यायचे, आपली शेपूट आपणच त्यांच्या अंगठ्याखाली सरकवायचे आणि थांबायचे. देठांवरचे काळे डोळे वर, त्यांच्या तोंडाकडं.

एके सकाळी त्या हात न बुडवताच उठल्या आणि काठाकाठानं पलीकडं चालत गेल्या. पाण्याखालून तो काळेपणा त्यांच्याबरोबर चालत आला.

अलीम मात्र खूश होता. एकाचं मुंडकं मोडून त्यानं बाळासोला दाखवलं. "बघ, निम्म्याच्या वर मांस. आन् आता जाळंबी नको. मावशींनी नुसतं बसायचं, आपण टोपलीनं उचलायचं. लग्नाच्या पंगतीला बी इतक्या गुमान कुणी बसत न्हाई!"

बाळासो हसला. रंगुबाई हसल्या नाहीत.

"त्ये माझ्या भरवशावर येत्यात, बाळ्या."

"आई, झिंग्याला कसला आलाय भरवसा? पाय फुटल्याली भाजीच ती."

दुसऱ्या दिवसापासून रंगुबाई नामाला देवघरातच बसू लागल्या. तळ्याकडची खिडकीसुद्धा लावून घेतली.

माल काढायच्या दिवशी टेम्पो बांधावर येऊन उभा राहिला. रंगुबाई देवापुढं होत्या. बाळासो आत आला. चप्पल काढायचंही त्याला भान नव्हतं.

"आई, तू मोठ्यानं नाम घेतलंस का?"

"मनातल्या मनात चाललंय. का रं?"

"सगळे घराकडच्या काठाला आल्यात." त्यानं दाराबाहेर बोट दाखवलं. "काही वर चढल्यात. गवतात. तोंडं हिकडं करून."

त्या बाहेर आल्या. तळ्यापासून तुळशीपर्यंतच्या ओल्या गवतात झिंगे पसरले होते, जिवंत, चिखलानं माखलेले. तुळशीच्या कट्ट्याशी पोचलेल्या एकाला पाण्यात नेऊन सोडावं म्हणून त्या वाकल्या. हातात येताच त्यानं शेपूट त्यांच्या अंगठ्याखाली सरकवली.

त्यांचा अंगठा तिथंच थबकला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण शेपूट निवडतोय. पण भ्यालेला एकही कधी त्यांच्या हाती आला नव्हता. आणि जो हाती आला नाही, त्याचा वंश या तळ्यात उरला नव्हता.

त्या झिंग्याला तसाच ओंजळीत धरून रंगुबाई पायरीवर जाऊन बसल्या. मागं अलीम रिकामे क्रेट घेऊन उभा होता. आता त्याच्याही तोंडून थट्टा निघत नव्हती.

"माल माझ्या हातनंच न्या," त्या म्हणाल्या. "पण ह्या खेपंला बियाण्याची शेपूट बघायची न्हाई. माझ्या हातातनं जो पळंल, तेवढाच ठेवायचा."

"पळणारा रोडका निघतो, मावशी."

"निघू दे."

"आन् तुमचा नेम?" अलीमनं हळूच विचारलं.

रंगुबाईंनी ओंजळीतला झिंगा पाण्यात सोडला. बाळासोनं निळी बादली भरून आईशेजारी ठेवली.

त्यांनी हात पाण्यात घातला. या वेळी बोटं ताठ केली, पाणी ढवळलं, एकाला चिमटा काढला. तो आणखी जवळ सरकला. त्यांनी त्याला बाजूला केलं, अलीमनं उचलून क्रेटमध्ये टाकला. दुसरा आला, शेपूट देऊन थांबला. त्यालाही बाजूला केलं. मग पुढचा. त्यांनी पाण्यावर सपासप थापा मारल्या. तो आवाज ऐकून मागं राहिलेलेही निघून आले.

ऊन उसाच्या तुऱ्यांवर चढलं. क्रेट एकावर एक रचले गेले. ओठ हलतायत की नाही, हे रंगुबाईंना कळत नव्हतं. निळ्या बादलीत सकाळचं पाणी तसंच होतं, निवळ, तळ दिसणारं.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा हात पाण्यात सोडला.