मारेमच्या खांद्यांचं माप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हं, शिंप्याच्या गळ्यात असते ती. माझा पिवळा रंग कधीच उडाला. एकपासून बारापर्यंतचे आकडे घामाने पुसले गेले, आणि टोकाची पितळी पट्टी एका सणाला दारात बांधलेल्या मेंढ्याने चावून नेली. मेल्याला दुसरं काही खायला मिळालं नाही!

मी कुठल्या कारखान्यात तयार झाले ते मला आठवत नाही. आठवतं ते आफ्रिकेतल्या डाकार शहराच्या मेदिना वस्तीतलं दुकान आणि मासांबामामांचा गळा. तीस वर्षं मी त्या गळ्यात होते. मामांची एक रीत होती. ते माणसाचं माप कधी तोंडाने बोलत नसत. "जीभ लागते, नजर लागते तशी," म्हणायचे. वहीतही लिहीत नसत. मला अंगाला लावायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि खडूने थेट कापडावर रेघ ओढायचे.

"मामा, विसरलात तर?" गिऱ्हाईक विचारायचं.

"विसरलो तर परत ये. तेवढीच भेट."

मारेम ही त्यांच्या बहिणीची मुलगी. बाराव्या वर्षीच तिचं डोकं दुकानाच्या दाराच्या चौकटीला वर टेकलं. तिचे घागरे नडगीपर्यंतच यायचे. शेजारी चपला शिवणारा बिराम तिला पाहिलं की ओरडायचा, "काय गं, वरती पाऊस सुरू झाला का? आमच्याकडे अजून पोचला नाही!" मग ती कापडांच्या ढिगामागे पाठीला पोक काढून बसायची.

एकदा मामांनी तिला उभं केलं आणि मला तिच्या टाचेपासून वर नेलं. मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा कमी पडले! मामांना बोट ठेवून मला पुन्हा लावावं लागलं. ती रडवेली झाली.

"कापड कमी पडलं तर लाज कापडाला वाटू दे," मामा म्हणाले. "तू कशाला वाकतेस? सरळ उभी राहा बघू."

ती सरळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बिरामने तोंड उघडताच म्हणाली, "बिरामकाका, तुमच्या टकलावर माशी बसलीय. मला वरून दिसते." चहा ओतता ओतता बिराम इतका हसला की अर्धा चहा निखाऱ्यांवर सांडला.

पुढे ती बास्केटबॉल खेळू लागली, आणि दुपारी दुकानात येऊन शिवणही शिकली. एकोणिसाव्या वर्षी तुर्कस्तानातल्या एका संघाने तिला बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी मामांनी तिचं पुरतं माप घेतलं. आणि जे कुणासाठी केलं नव्हतं ते तिच्यासाठी केलं. खांदा, बाही, कंबर, उंची, जिथे जिथे माप आलं तिथे माझ्या अंगात निळ्या दोऱ्याची एकेक गाठ घातली. सुई टोचली, पण मी हूं की चूं केलं नाही.

"खेळ सोडून येशील त्या दिवशी घालायला तुझा पोशाख मी शिवीन," ते म्हणाले. "अंगाबरोबर बसणारा. मेदिनातल्या सगळ्या नव्या नवऱ्या जळल्या पाहिजेत!"

मग ती गेली, आणि दुकान एकदम मोठं वाटायला लागलं.

दरवर्षी ती आठ दिवसांसाठी यायची. बिरामचा चहा तीनदा उकळतो, तीन पेले होतात, पण तिसऱ्या पेल्यापर्यंत ती कधी थांबली नाही. बोलायची मात्र भरभरून. "मामा, खेळाडूचं अंग म्हणजे दुकान असतं. पस्तिशीला शटर खाली. त्याआधी मला दुसरं दुकान उघडायचंय, उंच बायकांच्या कपड्यांचं. तिकडे सामन्याला जाताना मी इथलंच कापड शिवून घालते. संघवाले म्हणतात, कपड्यांचं काय घेऊन बसलीस, गप्प खेळ. मी म्हटलं, सामना चाळीस मिनिटांचा असतो. बाकीचा दिवस मी कोण आहे ते मलाच ठरवू द्या."

"मग ठरव ना," मामा म्हणायचे. "ये, जरा उभी राहा. खांदे भरलेत तुझे. माप घेतो."

"पुढच्या खेपेला, मामा. विमान आहे."

असं चौदा वेळा झालं. मी मोजलंय. मोजण्याचंच तर काम माझं.

इकडे बंदरावर परदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठे उतरू लागले आणि गिऱ्हाईक आटलं. मामांच्या डोळ्यांवर ढगासारखं काही आलं. मी गळ्यातून खिळ्यावर गेले. वाऱ्याने हलायचे, तेवढीच काय ती हालचाल. सामन्याच्या दिवशी बिराम रेडिओ घेऊन यायचा. निवेदक मारेमची उंची, वजन, हातांचा पल्ला सगळं मोठ्याने सांगायचा, आणि मामा खवळायचे, "अरे, बारीक कर तो! पोरीचं माप अख्ख्या जगाला सांगतायत मेले!"

एके दिवशी मामांना सुईचं नाक दिसेना. ते घाबरले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. पेटीतून त्यांनी कुटून चमकवलेलं निळं कापड काढलं, जे इतकी वर्षं तिच्यासाठी जपलं होतं. माझ्या गाठी चाचपून त्यांनी कापड बेतलं. सुईत दोरा बिराम ओवून द्यायचा. महिनाभर ते शिवत होते. मी ओरडून सांगायला हवं होतं की मामा, या गाठी एकोणीस वर्षांच्या पोरीच्या आहेत! पण टेपला कुठे तोंड असतं?

मारेम खेळ सोडून आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. मामांनी पोशाख तिच्या हातात दिला. पडद्यामागे जाऊन तिने तो घातला. कंबर बसली, उंची बसली. खांद्यांवर मात्र कापड असं ताणलं की तिला हात वर करता येईना.

"बसला का गं?"

"अगदी मापात, मामा."

मामा उठले, चाचपडत आले आणि त्यांनी तिच्या खांद्यांवर हात ठेवले. ताणलेलं कापड त्यांच्या बोटांना लागलं.

"खोटारडी," ते हळूच म्हणाले. "चूक माझीच. जुन्या मापावर शिवलं. दे इकडे, दोन बोटं माया ठेवलीय आत, वाढवायला." खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही खांद्यांची शिवण बोटांनी शोधत उसवली. "उद्या सकाळी ये. नवं माप घेतो, दुपारपर्यंत जोडून देतो."

"मामा, उद्या नव्या दुकानाच्या कागदांवर सह्या आहेत. परवा येते. नक्की."

बिराम खो खो हसला. "इथे शिंप्यांनी उद्या म्हणायचं असतं, आणि गिऱ्हाइकांनी शिव्या द्यायच्या असतात. ही तर शिंप्यालाच परवा सांगते!"

तीही हसली आणि पोशाख तिथेच ठेवून निघाली. परवा सुतार आले. तेरवा रंगवाले आले. मामांनी रोज सकाळी मला गळ्यात घातलं आणि खुर्ची दाराशी ओढली. शुक्रवारी दुपारी नमाजाला निघताना ते चौकटीपाशी टेकले, ते पुन्हा उठले नाहीत. तेव्हाही मी त्यांच्या गळ्यातच होते.

मारेम आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मला मुठीत धरून दुकानातल्या जमिनीवर बसून राहिली.

तिचं नवं दुकान महिन्याने उघडलं. त्या दिवशी तिने तोच निळा पोशाख घातला, खांदे तसेच उसवलेले. दुसऱ्या कुणाला तिने त्याला सुई लावू दिली नाही, आणि स्वतःही लावली नाही. लोक पाहतच राहिले. "उघडे खांदे! काय डोकं चालवलंय हिने!" फोटो निघाले. आठवड्याभरात बायका रांगा लावून तसलेच खांदे मागू लागल्या. आज तिच्याकडे वीस यंत्रांवर तेच शिवतात. मला तिने काचेच्या चौकटीत भिंतीवर लावलंय. माझेही फोटो निघतात. हात मात्र कुणाचा लागत नाही.

परवा एका पत्रकार बाईंनी तिला विचारलं, "हे खांदे तुम्हाला सुचले कसे?"

"मला वेळ नव्हता," मारेम म्हणाली.

गंमत समजून सगळे हसले. तीही हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून उगाच कापडाच्या घड्या घालत बसली.

मित्रांनो, मला काचेतून बाहेर काढा असं माझं म्हणणं नाही. माझे दिवस सरले. पण तुमच्या घरात कुणी तुम्हाला "ये, जरा उभी राहा," म्हणत असेल, तर जा आणि उभे राहा. खांद्यांचं माप घ्यायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.